नसलेल्या खड्याचं ऑपरेशन

पित्ताशयात खडा झालाय असं मी अव्वाला सांगितलं, तेव्हा एवढ्याशा खड्यापायी पुढे एवढं काही होईल असं वाटलं नव्हतं. अव्वा म्हणजे माझी आई, काशम्मा. अक्कलकोटच्या पलीकडे, जिथून कर्नाटकाची हद्द चालत गाठता येते अशा गावात ती राहते आणि निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलते. आजार म्हणून मी खडाच निवडला, कारण तो लहान असतो, काढतात आणि संपतो. काळजी करण्यासारखं त्यात काही राहत नाही.

खरं ऑपरेशन वजनाचं होतं. माझं नाव बसवराज बिराजदार, पण घरात आणि ऑफिसात सगळे बसूच म्हणतात. नावात बसणं आणि आडनावात बिराजणं, म्हणजे माझं काय होणार ते बारशाच्या दिवशीच ठरलेलं होतं. एका निमसरकारी कार्यालयात मी वीसेक वर्षं टेबलामागे बसलो आणि बसता बसता एवढा वाढलो, की सोलापुरात नव्या पेठेतले शेअर रिक्षावाले मला लांबून बघूनच सीट भरल्याची खूण करायचे. गुडघे वाजायला लागले. साखर वाढली. झोपेत श्वास अडकतो म्हणून नाकाला लावायचं एक यंत्र आलं, ते सुरू केलं की माझी बायको दाक्षायणी म्हणायची, "पिठाच्या गिरणीत झोपल्यासारखं वाटतंय." शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, की पोटाचा मोठा भाग काढून टाकू आणि उरलेल्याची केळ्याएवढी नळी ठेवू. मी घाबरलो, पण डॉक्टरांना नाही. मला अव्वाची भीती वाटली.

अव्वाच्या लेखी माणसाची तब्येत म्हणजे त्याचं वजन. फोनवर ती हॅलो म्हणत नाही, "ऊटा आतेनु?" म्हणजे जेवण झालं का, असं विचारते. त्याला हो म्हटलं की काय जेवलास, किती जेवलास आणि मग एवढंच का, हे प्रश्न येतात. अशा बाईला, मी पैसे भरून पोट कापून घेतोय, हे सांगायचं म्हणजे काय?

"सांगूच नका," दाक्षायणी म्हणाली. सासूला ती अत्ती म्हणते. "अत्तींना कळलं तर त्या ऑपरेशनच्या टेबलावरून उतरवून आणतील तुम्हाला."

म्हणून खडा. ज्वारीची काढणी चालू होती, त्यामुळे अव्वाला शेत सोडून येता आलं नाही. ऑपरेशन व्यवस्थित झालं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिचा फोन आला.

"ऊटा आतेनु?"

"झालं," मी म्हणालो. मी त्या सकाळपासून चमच्याने पाणी पीत होतो.

"खडा दाव."

"कुठला खडा?"

"तुजाच की. काडला की बाटलीत घालून देत्यात. तुज्या शेजारच्या हुसेनसाबला दिल्ता. म्या बगितलाय, त्येंच्या शोकेसात हाय."

हे मी विसरलो होतो. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले हुसेनसाब कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांच्या दिवाणखान्यात निरोपसमारंभात मिळालेलं घड्याळ आहे आणि त्या घड्याळाशेजारी एका छोट्या बाटलीत त्यांचा स्वतःचा खडा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते आधी खडा दाखवतात, घड्याळ नंतर.

दाक्षायणी समोर गेली आणि खडा उसना मागितला. फोटो काढून लगेच परत देते म्हणाली. हुसेनसाबनी साहजिकच कशाला म्हणून विचारलं. खोटं बोलण्यासाठी खडा मागायचा आणि तो मागताना आणखी एक खोटं बोलायचं, हे काही तिला जमलं नाही. तिने सगळं सांगून टाकलं. हुसेनसाबनी छातीवर हात ठेवला.

"भाभी, ही बात इथंच दफन झाली समजा. कमरबीला पण बोलणार नाही."

कमरबी म्हणजे त्यांची बायको, आणि ती तेव्हा दारातच उभी होती. पण शब्द तो शब्द. त्यांनी बाटली रुमालात गुंडाळून दिली. दाक्षायणीने फोटो पाठवला. अव्वाने शेजारच्या पोरीकडून तो मोठा करून घेतला आणि पुन्हा फोन केला.

"लई मोठा हाय गं बाई. किती सोसलं असंल लेकरानं."

तो मोठेपणा हुसेनसाबांचा होता. पुढे बरेच दिवस ते मला मधूनमधून सांगत, की त्या खड्याचं दुखणं खरं तर त्यांनी काढलेलं आहे.

घरी आल्यावर माझं नवं आयुष्य सुरू झालं. आधी पाणी, मग डाळीचं गाळलेलं पाणी, मग न गाळलेलं, मग दाट, मग मऊ. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं, जेवताना पाणी प्यायचं नाही आणि पाणी प्यायल्यावर लगेच जेवायचं नाही. घास इतका चावायचा की तो कशाचा होता ते विसरून जावं. पहिल्यांदा इडली मिळाली ती चतकोर. ती संपवायला मला टीव्हीवरच्या सगळ्या बातम्या लागल्या, हवामानासकट. एक घास जरी जास्त गेला तरी छातीत असं दाटून यायचं, की मी उठून खिडकीशी जाऊन उभा राहायचो. विचित्र गोष्ट म्हणजे भूक गेली होती, पण तिची सवय राहिली होती. सकाळी अकराला हात आपोआप डब्याकडे जायचा आणि मग मला आठवायचं, की आता तिकडे काही काम नाही. निवृत्त माणसाचे पाय ऑफिसच्या रस्त्याला वळतात, तसं ते होतं.

वजन मात्र उतरायला लागलं आणि उतरतच राहिलं. साखरेच्या गोळ्या आधी निम्म्या झाल्या, मग बंद. नाकाचं यंत्र कपाटावर गेलं. मी जिना चढून तिसऱ्या मजल्यावर आलो आणि दारात पोचल्यावर लक्षात आलं, की मध्ये कुठे थांबलोच नाही. हे सांगण्यासारखं होतं, पण सांगणार कोणाला? मी खड्याचा रुग्ण होतो.

पहिली अडचण ऑफिसात आली. आमच्याकडे हजेरीला चेहरा ओळखणारं यंत्र आहे. रजा संपवून मी त्याच्यासमोर उभा राहिलो, तर आतून एक बाई मराठीत म्हणाली, चेहरा जुळत नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा. मी पुन्हा प्रयत्न केला. माझ्यामागे रांग लागली. ज्या कार्यालयात मी बसून बसून तीन खुर्च्या बदलल्या, तिथे दारातच मला कोणी ओळखेना. त्या दिवशी मी पूर्ण वेळ काम केलं आणि गैरहजर लागलो.

यंत्राचं काम अझरुद्दीन बघतो. तो म्हणाला, "साहेब, नवीन चेहरा टाकायला आधारवरचा फोटो जुळावा लागतो. आधारवर तुम्ही जुनेच आहात."

आधार केंद्रात गेलो, तर तिथला माणूस म्हणाला, "फोटो बदलता येईल, पण हे तुम्हीच ना?" मी हो म्हणालो. त्याने कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मोठे भाऊ आहेत का तुमचे?" शेवटी बोटांचे ठसे जुळले आणि त्याची खात्री पटली. बदल व्हायला काही आठवडे लागतील असं कळलं.

आमच्या अधिकारी वैष्णवी मॅडम. वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, नियमाला पक्क्या. त्या म्हणाल्या, "बिराजदार, मी तुम्हाला ओळखते. पण मी ओळखून उपयोग नाही. मधल्या काळासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र द्या."

प्रमाणपत्रावर ऑपरेशनचं नाव होतं आणि आमच्या आवक-जावक टेबलावर बसणारा गृहस्थ अव्वाच्याच गावचा. कागद त्याच्या हाताखालून गेला असता तर मॅडमकडे पोचायच्या आत गावात पोचला असता. मी म्हणालो, "खड्याचं ऑपरेशन झालं, मॅडम. प्रमाणपत्र मिळायला वेळ लागतोय."

त्यांनी माझ्या सैल कॉलरकडे पाहिलं. "खड्याने एवढं?"

"मोठा होता," मी म्हणालो.

त्यांनी समोरची फाइल उघडली. पण दुसऱ्या दिवशी माझं टेबल खिडकीजवळ, पंख्याखाली आलं आणि वसुलीच्या फायली दुसऱ्याकडे गेल्या. मला वाटलं, इतक्या वर्षांनी माझ्या ज्येष्ठतेची कदर झाली. हजेरीवर अझरुद्दीनने तोडगा काढला. "साहेब, गाल फुगवून बघा जरा." मी गाल फुगवले, बाईने माझं स्वागत केलं. तेव्हापासून रोज सकाळी मी अख्ख्या कार्यालयासमोर गाल फुगवून उभा राहायचो आणि हजर व्हायचो. संध्याकाळी जाताना पुन्हा एकदा.

मग एप्रिल आला. सोलापूरचा एप्रिल सांगायची गरज नाही. डांबर चपलेला चिकटतं, नळाला गरम पाणी येतं. आणि मला थंडी वाजायला लागली. अंगावरची चरबी एवढ्या झपाट्याने गेली की असं होतं, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. केसही गळतील म्हणाले होते, काही महिन्यांनी परत येतात. ते गळायला लागले. सकाळी उशी झटकली की दाक्षायणी झाडू घेऊन यायची. मी घरात पंखा बंद करून, स्वेटर आणि कानटोपी घालून बसायचो. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस तापमान.

अशा एका दुपारी वैरागचे मामा आले. हे अव्वाचे धाकटे भाऊ. वैरागला त्यांचं धान्याचं दुकान आहे आणि नव्या पेठेत खरेदीला आले की ते आमच्याकडे पाणी प्यायला डोकावतात. दारात ते घाम पुसत उभे राहिले आणि मला बघून पुसायचे थांबले.

"बसू?"

"या मामा. बसा."

ते खुर्चीच्या टोकावर बसले. त्यांनी माझ्या कानटोपीकडे पाहिलं, तिच्याखालून दिसणाऱ्या कपाळाकडे पाहिलं, बंद पंख्याकडे पाहिलं.

"डाक्टर काय म्हनत्यात?"

"काही नाही. खडा होता, काढला."

"आसं व्हय," मामा म्हणाले. ते पाणी अर्धंच प्यायले. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आमचे मामा भाच्याच्या पाठीवर हात ठेवणाऱ्यांपैकी नाहीत.

खाली गेटवर त्यांना हुसेनसाब भेटले. तिथे काय झालं ते मी नंतर हुसेनसाबांकडूनच ऐकलं.

"मी एक शब्द बोललो नाही, बसूभाई. ते म्हणाले, काय झालंय आमच्या बसूला? मी म्हटलं, मला विचारू नका, मी कसम खाल्लेली आहे."

"मग?"

"ते म्हणाले, लई वाईट हाय का? मी वर बघितलं."

"वर का बघितलंत?"

"आमच्या गॅलरीत गादी वाळत घातलेली होती, ती पडते का काय म्हणून."

मामा वैरागला न जाता थेट अव्वाच्या गावाला गेले.

दोन दिवसांनी अव्वा आली. ज्वारीचं पोतं, तुपाची बरणी, गुळाची ढेप, शेंगा आणि ती. जिना चढून आली, मला दारात बघितलं. माझं मनगट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग पदर खोचून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि भाकरीचं पीठ काढलं.

त्या दिवसापासून तिने मला एकदाही विचारलं नाही, की काय झालंय. हे मला फार सोयीचं वाटलं. ती ताट वाढायची, समोर बसायची, मी दोन-चार घास चावत राहायचो आणि ताट बाजूला सारायचो. एरवी अशा वेळी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. आता ती ताट उचलून आत न्यायची, बस. मी दाक्षायणीला म्हणालो, "अव्वा बदलली बघ. समजूतदार झाली." दाक्षायणी म्हणाली, "त्या आत जाऊन रडतात." मी म्हणालो, "कांदा असेल." हे मी म्हणालो खरं.

एके सकाळी अव्वा म्हणाली, "देवाला बोलले हुते. तुजं दुखनं निगालं तर हुग्गी घालीन म्हनून. ती घालून टाकू."

हुग्गी म्हणजे गव्हाची खीर. भरपूर गूळ, त्यावर तुपाची धार. आमच्याकडे चांगलं काही झालं की ती होते.

"पूर्ण बरा झाल्यावर घालू की, अव्वा. घाई काय आहे?"

"न्हाय," ती म्हणाली. "आदीच देऊन टाकलेलं बरं आसतं."

सोसायटीच्या पार्किंगमध्ये जेवण घालायचं ठरलं. आमची सोसायटी पार्किंगमध्ये सायकल आडवी लागली तरी नोटीस लावते. या वेळी अर्जसुद्धा कोणी मागितला नाही. अध्यक्ष हुसेनसाब. त्यांनी सगळ्या गाड्या रस्त्यावर काढायला लावल्या आणि सतरंज्या स्वतः उभं राहून घालून घेतल्या. गावाकडून लोक आले, ऑफिसातले आले. खड्याच्या मानाने गर्दी जास्तच आहे असं मला वाटलं, पण लोकांच्या प्रेमाला नाही कसं म्हणायचं?

मी स्वेटर घालून खुर्चीवर बसलो होतो आणि एकेक जण येऊन भेटत होता. आवक-जावकवाले गृहस्थ म्हणाले, "बिराजदार, त्या बदलीच्या वेळी तुमचं नाव वरती मीच कळवलं होतं. मनात ठेवू नका." मी म्हणालो, ठेवलं नाही. मला हे माहीतच नव्हतं. वैष्णवी मॅडम आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "तुमची अजून पुष्कळ रजा शिल्लक आहे. कधीही घ्या. कागदांचं नंतर बघू." मग माझा चुलतभाऊ मल्लू आला. बांधावरच्या चिंचेच्या झाडावरून त्याचं आणि माझं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. त्याने माझे दोन्ही हात धरले.

"बसू, ते झाड तुजंच रं. चिच्चा तूच काडत जा." आणि त्याचे डोळे भरले. "म्हंजे, तुजी पोरं काडतील."

मला मूल एकच, अंकिता, आणि ती पुण्याला शिकते. पण माझ्या चिंचा माझ्याऐवजी तिने का काढायच्या, हे मी विचारणार, तेवढ्यात मामा खुर्चीशी वाकले.

"पेन्शनीला दाक्षायणीचं नाव लावलंय न्हवं? लावून घे बाबा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी सगळ्या पार्किंगकडे पाहिलं. लोक जेवत होते आणि माझी नजर गेली की माना खाली घालत होते. मी स्वतःच्याच तेराव्याला खुर्ची टाकून बसलो होतो. माझ्या टेबलाला मिळालेली खिडकी आठवली आणि ती ज्येष्ठतेमुळे नव्हती, हे कळून खरं सांगायचं तर मला मरणाच्या बातमीपेक्षा जास्त लागलं.

मी उठून काहीतरी बोलणार होतो. पण समोर अव्वा उभी होती, हातात हुग्गीची वाटी घेऊन. ती खाली वाकली आणि सगळ्यांदेखत तिने पहिला घास माझ्या तोंडाशी आणला.

"यप्पा, एवडं खा. माज्यासाटी."

मी खाल्ला. दुसरा घास आला. आहारतज्ज्ञ बाई डोळ्यांसमोर आल्या, त्यांना मी बाजूला केलं. तिसरा, चौथा. लोक जेवायचे थांबून बघत होते. अव्वाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी सैल झालं होतं आणि ते थांबवायची माझी छाती झाली नाही. मी वाटी संपवली. चाटून.

थोड्याच वेळात आधी कानात वाजायला लागलं. मग छाती धडधडायला लागली, स्वेटरच्या आत घामाच्या धारा सुटल्या, पोटात पीळ पडला आणि पार्किंगचे खांब हलायला लागले. मी खुर्चीवरून घसरून सतरंजीवर आडवा झालो. मल्लूने मोठ्याने हंबरडा फोडला. कोणीतरी माझ्या तोंडात पाणी घालायला लागलं. दाक्षायणीने त्याचा हात झटकला आणि डॉक्टरांना फोन लावला. एका हाताने ती माझं स्वेटर काढत होती, म्हणून फोन तिने स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवला.

"काय खाल्लं?" डॉक्टरांचा आवाज पार्किंगभर घुमला.

"हुग्गी."

"किती?"

"वाटीभर. तूप घालून."

"वहिनी, पोट कापून केळ्याएवढं ठेवलंय मी त्यांचं. वजन कमी करायचं ऑपरेशन केलंय, हुग्गी खायचं नाही. एवढं गोड एकदम आत गेलं की असंच होणार. आडवं राहू दे, अर्ध्या तासात बरे होतील. बाकी रिपोर्ट उत्तम आहेत. शंभर वर्षं जगेल माणूस, त्याला नीट खायला घाला."

मग आवक-जावकवाल्यांचा आवाज आला. "म्हणजे कॅन्सर नाही?" त्या आवाजात थोडी नाराजी होती. मल्लूने डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "झाडाचं आपन नंतर बसून बोलू." वैष्णवी मॅडम म्हणाल्या, "बिराजदार, सोमवारी प्रमाणपत्र टेबलावर पाहिजे." हुसेनसाब मात्र छाती पुढे काढून सगळ्यांना सांगत होते, की त्यांना पहिल्यापासून माहीत होतं आणि त्यांच्या तोंडातून एक शब्द गेला नाही. लोक पुन्हा जेवायला बसले. हुग्गीचं पातेलं पूर्ण संपलं, असं दाक्षायणीने नंतर सांगितलं.

अव्वा वर निघून गेली होती.

संध्याकाळी मी पलंगावर पडून होतो. ती येऊन खाली जमिनीवर बसली.

"काय काडलं त्ये मला नीट सांग."

मी चादरीवर बोटाने पोट काढून दाखवलं. एवढं होतं, इथून कापलं, एवढं ठेवलं.

"काडल्यालं कुटं हाय?"

"टाकून देतात, अव्वा."

"म्या भरल्यालं हुतं त्ये."

मी चादरीवरचं बोट काढून घेतलं.

"खोटं का बोल्लास?"

"तू करू दिलं नसतंस."

"नसतंच दिलं," ती म्हणाली. मग पदराचा काठ बोटाला गुंडाळत म्हणाली, "म्या लई खायला घातलं का रं तुला?"

"तसं नाही, अव्वा."

"तुज्या आदी एक हुता. ठावं हाय न्हवं तुला?"

मला एवढंच माहीत होतं, की एक होता.

"दुष्काळात झाला. लोकं खडी फोडाय जायची, म्याबी जायची. सुकडी मिळायची, मिलो जोंधळा मिळायचा, पर अंगावर दूद यायचं न्हाय. त्येचं मनगट धरलं की नुस्तं हाड लागायचं. ऱ्हायला न्हाय. मग तू झालास. तू अंग धरलंस आन मला रातची झोप लागाय लागली." ती थांबली. "मामा येऊन बोलला, तवा म्हनलं आसंल कायतरी बारकं. पर हितं येऊन तुजं मनगट धरलं, आन..."

मी तिला साखर किती उतरली ते सांगितलं. गोळ्या बंद झाल्याचं सांगितलं. तीन मजले न थांबता चढतो ते सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पुडच्या बारीला डाक्टरकडं म्याबी येनार."

ती आली. नवं लुगडं नेसून डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत बसली आणि माझ्याऐवजी तीच बोलली.

"परत वाडतंय का पोट?"

"जास्त खाल्लं तर थोडं ताणतं," डॉक्टर म्हणाले. अव्वाचा चेहरा उजळला. "पण तसं होऊ द्यायचं नाही," त्यांनी घाईने जोडलं.

"केस?"

"येतील. थंडीपण जाईल. डाळ, ताक, दही भरपूर द्या."

"शेंगाची चटणी?"

"चमचाभर चालेल."

अव्वाने मान हलवली. चमचाभर का होईना, तिच्या हातचं काहीतरी शिल्लक राहिलं होतं. "भाकर किती?" तिने विचारलं. डॉक्टरांनी आपला पंजा पुढे केला आणि तळव्याच्या मधोमध एक गोल काढून दाखवला. अव्वा त्या गोलाकडे बराच वेळ बघत राहिली.

घरी आल्यावर तिने परात घेतली. चिमूटभर पीठ मळलं, नेहमीसारखंच रगडून, पाण्याचा हात लावून. भाकरी थापायला तिला एकच तळवा पुरला. भातुकलीत असावी तेवढी भाकरी तव्यावर टम्म फुगली. ताटात ठेवून, शेजारी चमचाभर चटणी आणि ताक ठेवून ती समोर बसली.

मी खायला लागलो. एकेक तुकडा चावत, मध्ये थांबत. ती गावाकडचं सांगत होती. कोणाची म्हैस व्याली, विहिरीला पाणी कुठवर आहे, मल्लूने झाडाभोवती काटे टाकले. मीही काहीबाही विचारत होतो. भाकरी संपायला अर्धा तास लागला असेल.

"आदी तू पाच मिंटात उटायचास," अव्वा म्हणाली. "चार भाकरी आन पाच मिंटं. माज्यासंगं बोलत कदी जेवला न्हाईस."

मग ती उठून तव्याशी गेली. "आनी एक करू?"

आमच्या घरात या प्रश्नाला नको म्हणायची पद्धत आहे, पण त्या नकोला अर्थ नसतो. पहिल्या नकोला पीठ मळलं जातं, दुसऱ्याला भाकरी तव्यावर पडते आणि तिसऱ्याला ती ताटात असते. माझं सगळं आयुष्य असं गेलं.

"नको, अव्वा," मी म्हणालो.

तिने गॅस बंद केला आणि तवा उतरवून ठेवला.

मला जरा वाईटच वाटलं.